पहिल्या पेटीचा भाव बघून एमबीएला जाऊ नका

गणपतीला गावी गेलं की दरवर्षी कोणीतरी पोरगं पडवीत येऊन बसतं आणि विचारतं, दादा एमबीए करू का, पॅकेज किती मिळतं, म्हणजे वर्षाचा पगार. प्रत्येकाला अर्धा तास देता येत नाही म्हणून लिहून ठेवतोय. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, कॅप म्हणजे सरकारची एकत्रित प्रवेश प्रक्रिया, हे तुम्हाला माहिती असणारच, त्यामुळे मी थेट पैशावर येतो.

मी चिपळूणचा, बीकॉम झाल्यावर लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला होतो, 17 हजार हातात, घरचं जेवण, भाडं शून्य. 2021 ला सोडून एमबीएला गेलो. कॉलेजच्या माहितीपत्रकात सरासरी पॅकेज 7 लाख 20 हजार छापलं होतं आणि मी तो आकडा घरी सगळ्यांना सांगत सुटलो. माझी चूक तिथेच झाली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

आपल्याकडे आंब्याचं काय होतं ते आठवा. सीझनच्या सुरुवातीला वाशी मार्केटला पहिली पेटी जाते, तिला जो भाव लागतो तो पेपरात येतो. त्या भावावर कोणी बागेचा हिशोब करतं का? कलमं राखणाऱ्याला माहिती असतं की खरा माल मे महिन्यात जातो आणि तेव्हाचा भाव वेगळाच असतो. सरासरी पॅकेजमध्ये ती पहिली पेटी मिसळलेली असते. समजा पाच जणांना 4, 4, साडेचार, 5 आणि 20 लाख मिळाले. सरासरी निघते साडेसात लाख, आणि साडेसात मिळालेला माणूस त्या पाचात एकही नाही. मधला माणूस साडेचार लाखावर आहे. त्यालाच मीडियन म्हणतात, तुम्ही तोच आकडा मागायचा. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगसाठी कॉलेजं जी माहिती भरतात त्यात किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती हे असतं, कॉलेजच्या साइटवर ती पीडीएफ बहुतेक वेळा मिळते. पण तोही मीडियन फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो हं, त्यामुळे शेजारचा पास झालेल्यांचा आकडा आधी बघा. आमच्या वर्गात 60 जण होतो, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते हिशोबातून गायबच झाले, म्हणे त्यांनी प्लेसमेंटला, म्हणजे कॉलेजातल्या नोकरभरतीला, नाव दिलं नव्हतं.

मला मिळाले साडेपाच लाख, ते पण सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. त्यातले 60 हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळाले तर मिळाले, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं त्यातच मोजलेलं, मग माझा पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर कापून महिन्याला हातात 34 हजार.

आता कर्ज. घेतलं 8 लाख, 11 टक्क्यांनी. कोर्स चालू असताना आणि नोकरी लागल्यावर सहा महिने हप्ता नव्हता, पण व्याज चालूच होतं, ते आम्ही कोणी मनावर घेतलं नाही. हप्ता सुरू झाला तेव्हा रक्कम झाली होती 9 लाख 76 हजार. सात वर्षं, महिन्याला सुमारे 16 हजार 700. म्हणजे हातात उरले 17 हजार 300, जवळजवळ लोट्याला मिळायचे तेवढेच, फक्त आता त्यातून डोंबिवलीच्या रूमचं भाडं आणि मेस. शिवाय दोन वर्षांचा सुटलेला पगार 4 लाख 8 हजार, तो खर्चात धरायचा असतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

घाबरवायला नाही सांगत. पगार पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढतो, माझाही वाढला, आणि डिग्री नसती तर आज ज्या कामावर आहे तिथे इंटरव्ह्यूलाही बोलावलं नसतं. पण ती पहिली दीड वर्षं फार वाईट गेली, आईला फोनवर खोटं सांगायचो की जेवलो.

तारणाचं एक. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, मी वरचे 50 हजार मागितले आणि अडकलो. बाग आहे की, असं बाबा म्हणाले, पण सातबारावर काका-आत्या धरून अकरा नावं, आणि कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीवर लागू होत नाही म्हणून बँक तशीही नाखूश. शेवटी बाबांची एफडी अडकली. वरचे 50 हजार कुठूनही उभे करा पण कर्ज त्या रेषेच्या आत ठेवा.

आणि ॲडमिशन करून देणाऱ्या एजंटच्या नादाला लागूच नका, मी हे रागाने बोलतोय आणि मला त्याचं काही वाटत नाही. माझी कॅपमध्ये सीट लागत होती पण दुसऱ्या कॉलेजला, एजंट म्हणाला इन्स्टिट्यूट लेव्हलने, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून घे, हे कॉलेज मोठं आहे. मी ओबीसी, कॅपमधून गेलो असतो तर अर्धी ट्यूशन फी सरकारने भरली असती, इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला ते मिळत नाही. हे त्याला माहिती होतं. लिंक्डइनवरच्या मेंटर लोकांपेक्षा आदल्या वर्षी पास झालेल्या, वर्गात मधल्या नंबरवर असलेल्या पोराला मेसेज करा, हातात किती येतात विचारा, बरेच जण खरं सांगतात.

ज्यांना मुंबईतल्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारखी विद्यापीठाची किंवा सरकारी सीट मिळतेय त्यांनी फार विचार करू नका, जा. बाकीच्यांनी निदान दोन वर्षं नोकरी करून मग जा असं माझं मत आहे.

यंदा बहीण सीईटी देतेय. 2024 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर पूर्ण ट्यूशन फी माफ आहे, पण तिथेही कॅपमधूनच. नॉन क्रीमीलेयरचा दाखला आधीच काढून ठेवलाय. आम्ही वहीत कॉलेजांची नावं लिहून पुढे चार रकाने केलेत, पास किती, नोकरी किती जणांना, मीडियन किती, आणि हप्ता जाऊन उरणार किती. एका कॉलेजने फोनवर दुसऱ्या रकान्याचा आकडा द्यायला नकार दिला, तिने लगेच त्या नावावर काट मारली.