कोथरूडचा फ्लॅट आणि मृत्युपत्र
सोसायटीत नॉमिनेशन केले म्हणजे फ्लॅट मुलीच्या नावावर झाला, असा समज पुण्यात अजूनही घट्ट आहे. प्रत्यक्षात २०१९ च्या दुरुस्तीने सहकारी संस्था कायद्यात आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार मृत्युपत्र, वारसा दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थापत्र समोर येईपर्यंत नॉमिनी केवळ तात्पुरता सभासद ठरतो. त्यामुळे मृत्युपत्र हवेच.

त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद पुरतो आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, तरी भावंडांत कुरबूर असेल तर दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्यावी. मजकुरात नुसते ‘माझा कोथरूडचा फ्लॅट’ लिहू नये, कारण वाद तिथेच उगवतो. सर्व्हे नंबर, इमारत, फ्लॅट क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि पार्किंग हे सारे खरेदीखताशी ताडून लिहावे. दोन साक्षीदारांनी तुमच्या समक्ष सही करणे अनिवार्य आहे. ते वयाने तुमच्याहून लहान असावेत आणि ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीला घेऊ नये. वय झाले असल्यास मन सुस्थितीत असल्याचे, सहीच्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.

राहिला प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा प्रश्न. पुण्यातल्या मिळकतीपुरते हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे नव्हतेच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातील कलम २१३ वगळल्याने मुंबईतली सक्तीही गेली. तरीही मृत्युपत्राला आव्हान मिळण्याची चिन्हे असतील, तर वारसांनी ते स्वेच्छेने घेणे शहाणपणाचे.