मुठेतला दगड घासून बघा

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रूथ पॅट्रिक यांनी १९४८ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यात जिवांच्या विविधतेवरून पाण्याचं प्रदूषण जोखलं. त्यांचा जीव जडलेला डायटमवर, म्हणजे काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म शेवाळावर. मी तेच पुण्याच्या मुठा नदीत बघते.

खडकवासला धरणाच्या खालून एक आणि शहरातल्या भिडे पुलापासून एक, असे दोन बुळबुळीत दगड घ्या. हातमोजे घालाच, विशेषतः पुलाशी. जुन्या टूथब्रशने तपकिरी थर वेगवेगळ्या बश्यांत खरवडा, तिथलंच पाणी घाला, गाळ बसू द्या. मग थेंबभर काचपट्टीवर, ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली. होडीच्या आकाराचे, सोनेरी, हळूच सरकणारे... पहिल्यांदा दिसले तेव्हा मी श्वास रोखला होता. आता प्रकार मोजा. नुसती गर्दी फसवते. एकाच जातीचे ढीग असतील तर पाणी बिघडलंय असा संशय घ्या.