पहिला एटीपी गुण मिळेपर्यंत

ज्युनिअर गटातून व्यावसायिक टेनिसमध्ये येणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो, ती म्हणजे वर्षाची आखणी करताना स्पर्धा मोजू नका, आठवडे मोजा. मला हे उशिरा उमगले.

पुरुषांची वाट आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एम15 या सर्वांत खालच्या पातळीच्या स्पर्धांपासून सुरू होते. तेथे एकूण बक्षीस 15,000 डॉलरचे असते; त्यातील 2,160 डॉलर एकेरीच्या विजेत्याला मिळतात, तर मुख्य ड्रॉच्या, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मुख्य स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 200 डॉलरही मिळत नाहीत. प्रवास, निवास आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च पाहता या पातळीवर बक्षिसातून पोट भरेल, ही अपेक्षा घरच्यांनीही ठेवू नये. पात्रता फेरीत कितीही सामने जिंकले तरी एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, गुण मिळत नाही. मुख्य ड्रॉमध्ये एक सामना जिंकला की 1 गुण, आणि स्पर्धाच जिंकली तर 15.

त्या एका गुणासाठी पहिल्या वर्षी मी जेथे प्रवेश मिळेल तेथे धावत होतो. एक आठवडा क्लेवर (मातीच्या कोर्टवर), पुढचा हार्ड कोर्टवर, असे चालले असताना क्लेवर घसरत चेंडू गाठण्याची लय सापडेपर्यंत कोर्टच बदललेले असे, आणि बहुतेक वेळा मी पात्रता फेरीतच हरून परतत असे. दुसऱ्या वर्षी माझ्या प्रशिक्षकांनी एकाच केंद्रावर लागोपाठ होणाऱ्या तीन स्पर्धा निवडल्या. पहिल्या आठवड्यात मी लगेच हरलो. परंतु परत न जाता तेथेच सराव करत राहिल्यामुळे चेंडूची उसळी आणि दुपारचा वारा अंगवळणी पडला. तिसऱ्या आठवड्यात मी पात्रता फेरी पार केली आणि मुख्य ड्रॉचा पहिला सामना तीन सेटमध्ये जिंकला. मिळवलेला गुण 52 आठवड्यांनी गळून पडतो, म्हणून पुढच्या वर्षाचा विचार त्याच संध्याकाळी सुरू करावा लागला.

एकेरीत लवकर हरल्यास आठवडा रिकामा जाऊ नये म्हणून दुहेरी अवश्य खेळावी. दुहेरीत 40-40 नंतर एकच निर्णायक गुण असतो. त्या एका सर्व्हिसचे दडपण सरावात कधीही निर्माण करता येत नाही.

आणखी एका विषयावर मला कळकळीने लिहावेसे वाटते. सामना हरल्यावर सट्टा लावणाऱ्या अनोळखी लोकांचे शिवीगाळ करणारे संदेश फोनवर येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ते एकट्याने वाचू देऊ नये. एखादा सेट हरण्यासाठी कोणी पैसे देऊ केले, तर ते नाकारणे पुरेसे नाही. त्याची खबर टेनिसच्या सचोटी यंत्रणेला, म्हणजे आयटीआयएला, तत्काळ द्यावी लागते आणि ती न देणे हाही गुन्हाच ठरतो. हा नियम पहिल्या परदेश दौऱ्याआधी पालकांसह बसून वाचावा.