भाड्याच्या सौर पॅनेलचे अनुदान: वाद झाल्यास काय करावे?
नागपुरात गच्चीवरील सौर पॅनेल भाडेतत्त्वावर घेतले असतील आणि अनुदानावरून कंपनीशी वाद झाला असेल, तर प्रथम करारातील मालकीचे कलम वाचावे. पॅनेल व इन्व्हर्टर कोणाच्या नावावर आहेत, यावरच बहुतेक प्रकरण फिरते. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर या गच्चीवरील सौरऊर्जा अनुदान योजनेत स्वतः खर्च करणाऱ्या घरमालकाला ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी कमाल ७८,००० रुपये त्याच्याच बँक खात्यात मिळतात. रेस्को पद्धतीत, म्हणजे कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवून वीज विकते तेव्हा, मात्र संच कंपनीचा असतो आणि ग्राहक केवळ विजेचे पैसे भरतो; म्हणून अनुदानाचा लाभ युनिटच्या दरात उतरला आहे का, हे लेखी विचारावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

महाल-इतवारीतील जुन्या घरांत अनेकदा महावितरणचे बिल अजूनही दिवंगत वडिलांच्या नावाने येते आणि बँक खाते मुलाचे असते. अशा वेळी नावे न जुळल्याने अनुदान अडकू नये म्हणून आधी वीजजोडणीवरील नाव बदलून घ्यावे.

कंपनीने दाद दिली नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे: मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही.