गॅरेजच्या बिलाला हरकत घेण्याआधी

गेल्या पावसाळ्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात आमच्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत गेला. गाडी टो करून फोंड्याला आणली. गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेल्याचं सांगितलं, हेड उतरलं आणि बिल झालं ३६,५०० रुपये. बारा दिवसांनी पर्वरीच्या कोंडीत काटा पुन्हा वर चढला. या वेळी म्हापशाच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत दाखवून दिलं की रेडिएटरचा पंखा फिरतच नाही. पंख्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, जळलेला होता. ४५० रुपयांत गाडी ठीक झाली. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तिथेच माझी चूक झाली. रिले बदलून टाकल्यावर पहिल्या गॅरेजसमोर ठेवायला माझ्याकडे तोंडी हकिकतीशिवाय फारसं काही उरलं नाही.

म्हणून पहिली तयारी हीच: खरा बिघाड सापडल्यासारखा वाटला तरी लगेच दुरुस्त करू देऊ नका. गाडी आहे त्या अवस्थेत व्हिडिओ घ्या. इंजिन तापलेलं, काटा वर आणि पंखा थांबलेला, हे सगळं एकाच सलग चित्रणात यायला हवं. डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि नंबर प्लेटही त्यात दिसू द्या. मग पहिल्या गॅरेजला फोन करून, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून, गाडी येऊन बघायला सांगा. ते आले नाहीत तरी तुम्ही संधी दिली होती याची नोंद राहते. जळलेला रिले, कापलेली वायर, जे निघेल ते पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा.

दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी मत घेणं हे सगळ्यांत कठीण काम. गोवा लहान, धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, आणि दुसऱ्याच्या कामाविरुद्ध सही करायला कोणी सहज तयार होत नाही. त्याला ‘आधीच्याने चुकीचं निदान केलं’ असं लिहायला सांगूच नका. त्याने जे पाहिलं तेवढंच लिहून मागा: तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, तक्रार काय होती, काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं आणि त्यानंतर गाडी किती वेळ चालवून पाहिली. दोष कोणाचा हे ठरवणं त्याचं काम नाही, आणि एवढं कळलं की बरेच जण सही करतात.

आता पहिल्या गॅरेजचे कागद. जॉब कार्ड (गाडी घेताना तक्रार आणि काम लिहितात तो कागद), एस्टिमेट आणि बिल, तिन्ही लागतात. जॉब कार्डवर तुमची तक्रार कोणत्या शब्दांत उतरवली आहे ते नीट वाचा. ‘घाटात गाडी तापते’ ही तक्रार आहे. ‘हेड गॅस्केट बदलणे’ हे निदान आहे. तक्रारीच्या रकान्यात थेट निदानच लिहिलेलं असेल, तर ते काम तुम्हीच सांगितलं असा अर्थ उद्या काढला जाऊ शकतो. बिल कच्चं मिळालं असेल तर पक्कं मागा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर पार्ट आणि लेबर वेगळे दाखवून घ्या, आणि गॅरेज जीएसटी आकारत असेल तर गोव्यातल्या नोंदणीचा क्रमांक ३०ने सुरू होतो, तेही पाहून घ्या.

हेडच्या कामात आणखी एक कागद असतो, जो गिऱ्हाइकाला सहसा कोणी दाखवत नाही: लेथवाल्याचं बिल. हेड उतरवल्यावर ते वाकलंय का हे पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजतात, आणि वाकलेलं असेल तर फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला, लेथवाल्याकडे पाठवतात. ते बिल मागा. जुनं गॅस्केटही मागा. ते कुठे फुटलं होतं हे बहुधा त्याच्यावरच दिसतं. मी मागायला गेलो तोवर ते भंगारात गेलेलं होतं.

मग बसून प्रश्न लिहून काढा, कारण गॅरेजात उभं राहिलं की अर्धे प्रश्न विसरायला होतात. हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं का? गॅस्केट गेल्याच्या खुणा होत्या का: रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते का, ऑइल दुधाळ झालं होतं का, सायलेन्सरमधून पांढरा धूर होता का? पंखा, थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट उघडणारी झडप), रेडिएटरचं झाकण या स्वस्त गोष्टी आधी पाहिल्या का? गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला असेल तर बिघाडाचा कोड कोणता आला? कोड म्हणजे निदान नव्हे, हे लक्षात ठेवा. पी०१२८ आला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, हवं तेवढं तापत नाही एवढंच कळतं. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, सेन्सर बिघडलाय की कूलंटच कमी आहे, हे हाताने तपासावं लागतं.

एका उत्तराची तयारी मात्र मन लावून करा, कारण ते खरंही असू शकतं. गॅरेजवाला म्हणेल, गॅस्केट गेलंच होतं. पंखा बंद राहून इंजिन तापलं की गॅस्केट खरोखरच जाऊ शकतं. तसं असेल तर हेडचा खर्च वाया गेला असं म्हणता येत नाही; तुमची हरकत एवढीच उरते की तापण्याचं मूळ न शोधता गाडी परत दिली. म्हणून मागणीचे दोन आकडे आधीच काढून ठेवा. गॅस्केट गेल्याचा काहीच पुरावा नसेल तर एक, आणि असेल तर दुसरा, बराच लहान. सगळे पैसे मागून भांडण्यापेक्षा नेमका आकडा आणि त्याचं कारण सांगितलं की समोरचा माणूस ऐकतो. मला शेवटी लेबरचे ९,००० रुपये परत मिळाले, तेही गॅरेजला लेथचं बिल दाखवता आलं नाही म्हणून.

गाडी अजून गॅरेजात असेल तर घाई करून तंटा वाढवू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर कसबाचं काम केलं त्याला मेहनतान्यासाठी ती अडवून ठेवता येते. पैसे भरा, गाडी सोडवा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असं लिहून सही करा. तसं लिहू देत नसतील तर त्याच मिनिटाला तोच मजकूर मेसेजने पाठवा. रोख टाळा.

यानंतर एक पानाचं पत्र, स्पीड पोस्टाने, उत्तराला १५ दिवसांची मुदत देऊन. कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर प्रत कंपनीच्या कस्टमर केअरलाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: उत्तर गोव्याचा पर्वरीला, दक्षिण गोव्याचा मडगावला. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. स्वतःची टॅक्सी स्वतः चालवून पोट भरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. गाडी धंद्याची म्हणून कोणी हटकलं तर मागे फिरू नका.

तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ती तारीख फायलीच्या बाहेरच्या बाजूला लिहा, आणि बिल थर्मल कागदावर असेल तर त्याची झेरॉक्स आजच काढा. पावसाळ्याच्या दमटीत ती अक्षरं लवकर पुसट होतात.