ल्युपस, किडनी आणि डोळे : तपासणीला येण्याआधी या चुका टाळा

"कसल्या गोळ्या चालू आहेत?" डोळे तपासायला आलेल्या ताईंना मी विचारते. उत्तर येतं, "आहेत संधिवाताच्या. त्यांचा डोळ्यांशी काय संबंध?" आणखी थोडं विचारलं की एकेक कळत जातं. संधिवात म्हणजे ल्युपस. किडनीची बायॉप्सी झालेली. लघवीतून प्रथिनं जातात. स्टिरॉइड चालू. आणि फाइल घरी, कपाटावर.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांच्या आधी रुग्ण माझ्यासमोर बसतो, त्यामुळे या चुका मला वारंवार दिसतात. ल्युपसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. किडनीतली गाळणी आणि डोळ्याचा पडदा, दोन्हींचं काम केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवर चालतं. म्हणून एका ठिकाणी बिघडलं की दुसरीकडे डोकावून बघायलाच हवं. त्यात भर औषधांची. म्हणून क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा जितका किडनीच्या डॉक्टरांचा, तितकाच तो डोळ्यांच्या डॉक्टरांचाही आहे.

"मला तर सगळं दिसतंय"

सर्वांत महागात पडणारी चूक ही. ल्युपसच्या बहुतेक सगळ्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे एचसीक्यूची गोळी असते. गोळी गुणाची आहे, ल्युपस उसळू देत नाही. पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांच्या पडद्याला ती इजा करते, आणि सुरुवातीला त्या माणसाला काहीच जाणवत नाही. भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो, ६/६ नजर असते, आणि तरी मध्यबिंदूच्या भोवतीच्या पेशी मरायला लागलेल्या असतात. वाचताना ओळीतली अक्षरं गळायला लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ इजा पुढे सरकू शकते.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. डोस योग्य असेल तर पहिल्या ५ वर्षांत हा धोका १ टक्क्याहून कमी आणि १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी असतो. २० वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या आसपास जातो. किडनी कमजोर असेल तर हे गणित बदलतं, कारण या औषधाचा मोठा वाटा किडनीवाटेच बाहेर पडतो. गाळणी मंद झाली की तीच गोळी रक्तात जास्त साठते.

म्हणून गोळी सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत एकदा पडदा तपासून नोंद करून ठेवायची. इतरांना दरवर्षीची तपासणी ५ वर्षांनंतर सुरू केली तरी चालते, पण तुमचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा आकडा, ६० च्या खाली असेल तर पहिल्या वर्षानंतरच दरवर्षी यायला हवं. "पाच वर्षांनी या असं सांगितलं होतं" म्हणणाऱ्या एका ताईंचा ईजीएफआर तेव्हा ४० होता. तो आकडा डोळ्यांच्या दवाखान्यात कुणाला ठाऊकच नव्हता.

तपासणी म्हणजे नंबर काढणं नव्हे. दोन गोष्टी लागतात : ओसीटी, म्हणजे पडद्याचं थराथरांचं चित्र, आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, जिच्यात अंधाऱ्या भांड्यात लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं. आशियाई लोकांत ही इजा बऱ्याचदा मध्यापासून जरा लांब सुरू होते. त्यामुळे फक्त मधल्या १० अंशांची चाचणी केली तर ती निसटू शकते. "माझं एचसीक्यू चालू आहे, मोठ्या क्षेत्राची चाचणीही लागेल का?" एवढं जरूर विचारा.

त्या बटणाबद्दलही सांगते. नापास होऊ या भीतीने पुष्कळ जण न दिसलेल्या ठिपक्यांनाही बटण दाबतात, आणि रिपोर्ट कामाचा उरत नाही. यंत्र मुद्दाम ठिपके फिके फिके करत नेतं, त्यामुळे धडधाकट डोळ्यालाही त्यातले जवळजवळ निम्मे दिसत नाहीत. दिसलं तरच दाबा. दमलात तर बटण दाबून धरा, बऱ्याच यंत्रांत चाचणी तेवढी थांबते.

गोळी सगळ्यांना सारखीच, हा समज

डोस वजनावर ठरतो. दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ४५ किलोच्या बाईला २२५ मिलिग्रॅम ही मर्यादा झाली. तिने शेजारणीसारखी रोज ४०० ची गोळी घेतली तर डोस जवळपास दुप्पट होतो. डॉक्टर कधी एक दिवस २०० आणि एक दिवस ४०० असं लिहितात, त्यामागे हाच हिशेब असतो. "विसरायला होतं" म्हणून ते परस्पर रोज ४०० करू नका.

किडनीच्या रुग्णांत वजनही फसवं असतं. अंगावर सूज असताना काटा पाण्याचं वजनही दाखवतो. सूज उतरून सहा-सात किलो कमी झाले असतील तर डोस पुन्हा तपासून घ्या. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर डोस निदान पाव हिश्श्याने कमी करावा, असं किडनीतज्ज्ञांच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आकडा बदलला की डोसची चौकशी तुम्हीच काढा.

घाबरून गोळी बंद करणं

२०२० मध्ये करोनामुळे या गोळीचं नाव सगळीकडे झालं, आणि तिची भीतीही पसरली. "डोळे जातात म्हणे" एवढं ऐकून गोळी सोडलेल्या रुग्णांची मला खरोखर काळजी वाटते. ती सोडल्याने ल्युपस उसळतो आणि पहिला घाव पुन्हा किडनीवर पडू शकतो. डोळ्यांच्या चाचणीत शंका आली तरी बंद करण्याचा निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. स्टिरॉइडच्या बाबतीत तर बरेच दिवस घेतलेलं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

धूसर दिसलं की चष्मा बदलणं

स्टिरॉइडने मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि रक्तातली साखर वर-खाली झाली की नंबरही वर-खाली होतो. डोस मोठा आहे आणि दर पंधरवड्याला बदलतो आहे, अशा वेळी महागाचा चष्मा करू नका. थोडं थांबा, साखर आणि प्रेशर तपासून घ्या.

वाकडं दिसणं, मधोमध करडा डाग दिसणं, हे चष्म्याच्या दुकानात सुटणारं काम नाही. पडद्याखाली पाणी साचलेलं असू शकतं. ते कधी उसळलेल्या ल्युपसमुळे आणि वाढलेल्या बीपीमुळे येतं, तेव्हा आजारावरचे उपचार वाढवावे लागतात. कधी ते स्टिरॉइडमुळेच येतं, तेव्हा स्टिरॉइड कमी करावं लागतं. डोळ्यात दिसणारं चित्र सारखं, उपाय उलटे! लघवीचा ताजा रिपोर्ट आणि बीपीची वही जवळ असेल तर डॉक्टरांना उलगडा लवकर होतो.

सकाळी पापण्या सुजलेल्या दिसल्या की आपण म्हणतो, झोप झाली नाही. तुमच्या बाबतीत ती लघवीतून प्रथिनं जाण्याची खूण असू शकते. थेंब घालण्याआधी लघवी तपासा.

बीपी खूप चढलंय, डोकं फुटतंय, आणि अचानक दिसेनासं झालंय किंवा झटका आलाय, तर डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. एका डोळ्याची नजर दुखल्याशिवाय एकदम गेली तरी तेच. ल्युपसच्या काही रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या लवकर होतात, आणि गुठळीने पडद्याची रक्तवाहिनी बंद पडू शकते.

नागिणीवर घरगुती उपाय

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना नागीण निघण्याची शक्यता वाढते. कपाळाच्या एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं, आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळा धोक्यात आहे असं समजा. लेप लावण्यात आणि मंतरून घेण्यात दोन दिवस घालवू नका. नागिणीवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. पण त्याही किडनीवाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन न सांगता पूर्ण डोस घेतला तर बरळणं, गुंगी, भ्रम होऊ शकतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांपासून किडनी लपून राहणं

डोळ्यातलं प्रेशर उतरवायला दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी कमजोर किडनीला जड जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. याउलट डोळ्याच्या अँजिओग्राफीला, म्हणजे शिरेतून रंग देऊन पडद्याचे फोटो काढण्याच्या तपासणीला, काही जण किडनीच्या भीतीने नकार देतात. तिच्यातला पिवळा रंग सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या औषधापेक्षा वेगळा असतो. परस्पर नाही म्हणू नका, आकडा सांगा आणि डॉक्टरांना ठरवू द्या.

बाहुली मोठी करण्याच्या काही थेंबांनी बीपी वाढू शकतं, म्हणून थेंब घालण्याआधीच बीपीचा त्रास सांगा. येताना क्रिएटिनिन आणि ईजीएफआरचा शेवटचा रिपोर्ट, आजचं वजन, एचसीक्यू कोणत्या महिन्यात सुरू झालं ती चिठ्ठी, आणि सोबतीला कुणीतरी, एवढं आणा. थेंबांनंतर तीन-चार तास नीट दिसत नाही, स्कूटर चालवायची नसते. डायलिसिस चालू असेल तर त्या दिवशी येऊ नका. अंगात त्राण नसतं आणि बटणाच्या चाचणीत डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी या.