दोन कोलोनोस्कोपींच्या मधली वर्षं कशी काढायची

माझ्या पहिल्या कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीत, दोन छोटे पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेले कोंब) निघाले, डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढून टाकले, पण नंतर पोटात जरा गुडगुडलं तरी मी ठाणे स्टेशनवर गाडीची वाट बघत मोबाइलवर कॅन्सर शोधत बसायचो. तुमचंही असंच चाललं असेल तर आधी फाइल काढा.

स्कोपीचा आणि बायोप्सीचा (काढलेला तुकडा लॅबमध्ये तपासतात त्याचा), दोन्ही रिपोर्ट समोर ठेवा. पॉलिप किती, केवढे, कुठल्या प्रकारचे ते बघा. अमेरिकेतल्या 2020 च्या गाइडलाइनप्रमाणे काहीच निघालं नसेल तर पुढची 10 वर्षांनी, 10 मिमीपेक्षा लहान एक-दोन साध्या प्रकारचे, म्हणजे ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा असतील तर 7 ते 10, आणि 10 मिमी किंवा मोठा असेल नाहीतर व्हिलस (जास्त धोक्याचा प्रकार) लिहिलं असेल तर 3. पोट नीट साफ झालं नव्हतं असा शेरा असेल तर मात्र लवकर बोलावतात, त्यामुळे पोट साफ करायच्या औषधाची बाटली शेवटच्या घोटापर्यंत संपवा, चव कितीही भिकार असली तरी. घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तरी गणित बदलतं, वडिलांना 48 व्या वर्षी झाला असेल तर तुमची पहिली तपासणी 38 ला. एवढा गॅप का चालतो? कारण पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात.

आता तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी: शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली सवय, उगाच उतरलेलं वजन, कारण न सापडता कमी झालेलं हिमोग्लोबिन. मूळव्याधच असेल म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणून गप्प बसू नका. पण त्याआधी काल काय खाल्लं ते आठवा, कारण मी एकदा सकाळी सकाळी लाल बघून घामाघूम होऊन डॉक्टरांना फोन लावला आणि बायको आतून ओरडली, अहो काल बीटाची कोशिंबीर दोन वाट्या कोणी खाल्ली? लोहाच्या गोळ्यांनी काळं होतं, तेही लक्षात ठेवा.

स्कोपी नॉर्मल आलेली असताना दर सहा महिन्यांनी आपल्या मनाने स्टूल टेस्ट (शौचातलं न दिसणारं रक्त शोधायची तपासणी) करू नका, खोटी पॉझिटिव्ह आली की परत नळी.

मी पुढचं वर्ष फाइलच्या आत मार्करने लिहून ठेवलंय, मोबाइल तर दर दोन वर्षांनी बदलतो.